क्रुसावरचा एप्रन

उल्याना कुठल्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून हाक मारायची. "आहे का कोणी घरात?" मग घराचं छप्पर उडालेलं असो, आत विजेचे निळे गोळे तरंगत असोत, नाहीतर दारामागे एखादा लुटारू बंदूक रोखून बसलेला असो. संगणकातल्या खेळातली माणसं अशा हाकेला ओ देत नाहीत हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण जन्मभराची सवय पडद्यासमोर बसलं म्हणून सुटते थोडीच. आणि न विचारता लोकांच्या स्वयंपाकघरात शिरायला ती काही चोर नव्हती.

खेळ तिच्या मुलाचा, नाझारचा. तो सैन्यात गेला तेव्हा जाताना सांगून गेला होता, "आई, खोलीत ओल आहे. अधूनमधून मशीन चालू करत जा, नाहीतर आतून गंजेल."

"आणि चालू करून काय नुसतं तोंड बघत बसू त्याचं?"

"खेळ लाव आणि फीर. मी सगळं सोपं करून ठेवतो, तुला कोणी फारसं मारणार नाही."

खेळ त्यांच्याच मुलखातला होता, अणुभट्टी फुटल्यावर माणसं उठवून कुंपण घातलेल्या झोनमधला. त्यात अणुभट्टी दुसऱ्यांदा फुटली होती, जग बुडालं होतं आणि जंगलात वाकडीतिकडी जनावरं फिरत होती. हे कोणाला तरी सोडवायचं, ते कोणाला तरी नेऊन द्यायचं, अमक्याला ठार करायचं, अशी कामं खेळ सतत पुढे टाकत असे. उल्यानाने त्यातलं एकही काम केलं नाही. ती खेळातल्या आपल्या दाढीवाल्या गड्याला घेऊन कामं सोडून बाकी सगळीकडे हिंडायची. बसथांब्यामागे काय आहे, शाळेच्या माळ्यावर काय आहे, टपालघराच्या खिडकीतून कुठलं झाड दिसतं, हे तिला बघायचं असे. आणि बघताना तोंड चालू. "विहिरीची बादली अशी कोण टांगतं रे? गंजून जाईल की!" "भट्टीचं तोंड दाराकडे? धुराने मराल सगळे." किरणं मोजणारं यंत्र टकटक वाजायला लागलं की म्हणायची, "वाज बाबा. आम्हाला तेव्हा एवढंही कोणी दिलं नव्हतं."

शेजारची राइसा मीठ मागायला आली की पडद्याकडे बघून हसायची. "नातवंडांना मोजे विणायच्या वयात ही बंदूक घेऊन फिरतेय!"

"बंदूक खांद्यावर आहे, हातात नाही," उल्याना म्हणायची. "आणि नातवंडं तुझ्या घरी आहेत, माझ्या नाहीत. मीठ घे आणि दार लोटून जा, वारं येतंय."

स्लावुतिचमध्ये, गाव सुटलेल्यांसाठी वसवलेल्या या शहरात, अशा बाया शेकड्याने आहेत. दिसायला साध्या, पेन्शनीत भागवणाऱ्या, ज्यांचं खरं गाव कुंपणाच्या आत राहिलं. उल्यानाचं गाव ओसोकिव्का. ती अणुकेंद्राच्या कँटीनमध्ये सूप ढवळत म्हातारी झाली आणि तिचा थोरला भाऊ तिमिश तिथेच फिटरचं काम करत म्हातारा झाला. ती ताल्लिन मोहल्ल्यात राहायची, तो बाकू मोहल्ल्यात. मधे एक चौक आणि एक बाजार. चालत गेलं तर भाकरी गरम असतानाच पोचेल इतकं अंतर. पण दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे वर्षातून एकदाच बोलायची.

त्यांची आई, म्हातारी दोम्ना, गाव उठवलं त्याच वर्षी जंगलातून चालत परत गेली होती. नव्या जागेतली माती तिला आवडली नव्हती. तिच्यासारखे आणखी चारदोन म्हातारे गेले, आणि मग सरकारनेही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. दोम्ना तिथे बटाटे लावत, कोंबड्या पाळत खूप वर्षं जगली. एका शरद ऋतूत तिमिश गाडी घेऊन गेला, तिला शहरात आणायचंच म्हणून. म्हातारीने घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीला मिठी मारली आणि हलेना. तेव्हा उल्याना म्हणाली, "ती नाही म्हणते ना? मग राहू दे तिला तिच्या घरात." तिमिश रिकामी गाडी घेऊन परतला. त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. थंडीने गेली की वयाने, कोणी सांगू शकलं नाही. शेजारणीला ती भट्टीशेजारी शाल पांघरून बसलेली सापडली.

कबरीवर शेवटची माती पडल्यावर तिमिश बहिणीला म्हणाला, "तू मारलंस तिला." एवढंच. तिथून दोघांचं बोलणं तुटलं. आणि खरं सांगायचं तर कितीतरी रात्री तिला तेच वाटायचं, की आपणच मारलं.

पण इस्टरनंतरच्या रविवारी प्रोवोदी येते. त्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरीवर जाऊन गवत काढायचं, कापड अंथरायचं, रंगवलेली अंडी आणि इस्टरचा गोड पाव, पास्का, ठेवायचा, आणि मेलेल्यांबरोबर जेवायचं. त्या दिवशी झोनचं फाटकसुद्धा उघडायचं. पुरुषाच्या क्रुसाला टॉवेल बांधायचा, बाईच्या क्रुसाला एप्रन, आणि दरवर्षी नवा, घरी भरतकाम केलेला. ओसोकिव्कात आणखी एक पद्धत होती. घरातली बाई कबरीकडे तोंड करून तीनदा म्हणते, "ख्रिस्त उठला!" आणि मेलेल्याच्या वतीने त्याच्या पोटच्याच दुसऱ्या लेकराने उत्तर द्यायचं असतं, "खरोखर उठला!" एकट्याने दोन्ही म्हणून चालत नाही. उत्तर आलं नाही तर हाक खाली पोचलीच नाही असं धरतात.

दोम्नाच्या पोटची ही दोघंच. म्हणून दर वसंतात तिमिश यायचा, आपण बनवलेल्या बाकावर बसायचा, उल्यानाकडे बघायचासुद्धा नाही. ती म्हणायची, "ख्रिस्त उठला." तो म्हणायचा, "खरोखर उठला." तीनदा. मग मुकाट्याने अंडं, सालोचा म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीचा तुकडा, होरिल्का दारूचा एक घोट, आणि आपापल्या बसने परत. त्या तीन उत्तरांवर उल्याना वर्ष काढायची. राइसाला हे हास्यास्पद वाटे. पण राइसाचे भाऊ तिच्याशी रोज भांडतात, तिला काय कळणार?

युद्ध आलं आणि फाटक बंद झालं. जंगलात सुरुंग पेरलेले, पास कोणालाच नाही. पहिल्या वर्षी उल्याना टोपली घेऊन भावाच्या दारात गेली. म्हणाली, घरीच करू. त्याने दार साखळी लावूनच उघडलं. "कबर नाही तर प्रोवोदी कसली? तिकडे वणवा लागला होता, सगळं जळून गेलं असेल. जा." त्यानंतर इस्टर आले आणि गेले. आणि या हिवाळ्यात तिमिशच्या छातीत दुखलं, अॅम्ब्युलन्स आली, तो महिनाभर दवाखान्यात होता. हेही तिला राइसाकडूनच कळलं. तेव्हापासून उल्यानाच्या मनाने एकच घेतलं, की माझ्याशी बोलल्याशिवाय तो मरायचा नाही. आणि मीही.

खेळात तिला नदीकाठी एक जुना धक्का सापडला तो त्याच दिवसांत. लाकडी खांब, उलटी पडलेली नाव, मोडका दिवा. थेट ओसोकिव्काचा धक्का. आता इथून पुढे तिला कोणी वाट सांगायची गरज नव्हती. डावीकडे वळायचं, गिरणी मागे टाकायची, विलोच्या झाडांमधून जायचं की टेकाडावर कबरस्तान. तिने गड्याला डावीकडे वळवलं. गिरणी नव्हती, विलो नव्हते. दलदल होती. गडी बुडून मेला.

तिने पुन्हा जिवंत केला, पुन्हा डावीकडे. पुन्हा मेला. कधी हिरव्या वाफेत, कधी पाण्यातल्या कसल्याशा जनावराच्या तोंडी.

"आई, तिकडे काही नाही," नाझार फोनवर हसत म्हणाला. त्याच्या मागे कोणीतरी लाकूड फोडत होतं. "नकाशा बघ ना, रिकामं आहे. खेळ करणाऱ्यांनी धक्का एका गावचा घेतलाय, चर्च दुसऱ्या गावचं. सगळी खिचडी आहे ती. तुझं गाव नाहीये ते."

"नकाशा काढणारा ओसोकिव्काचा आहे का?"

"नाही."

"मग त्याला काय विचारायचं? तू जेवलास का ते सांग."

आता बाहेरचा कोणी असता तर खेळाच्या वाटेने गेला असता. उल्याना आठवणीच्या वाटेने गेली, आणि आठवणीची वाट खेळात नव्हतीच. पण ती हट्टी. पाण्यातून वर आलेल्या गवताच्या गाठी कुठे आहेत हे तिने मरून मरून शिकून घेतलं, आणि एके सकाळी वाफ टाळत, गाठीवरून गाठीवर उड्या मारत दाढीवाला गडी पलीकडे निघाला. पलीकडे पाइनची झाडं होती. झाडांखाली टेकाड होतं. टेकाडावर थोडेसे क्रूस.

तिथे काम नव्हतं, खजिना नव्हता, शत्रू नव्हता. खेळ करणाऱ्या कोणीतरी उगाच एका कोपऱ्यात हे करून ठेवलं होतं आणि तिथवर वाटही ठेवली नव्हती. क्रुसांना कापडं बांधलेली होती, वाऱ्यावर हलणारी. उल्याना कौतुकाने बघत चालली होती. पुरुषांना टॉवेल, बायकांना एप्रन, चला, एवढं तरी बरोबर केलंय मेल्यांनी. आणि मग तिसऱ्या क्रुसापाशी ती थबकली.

पांढरा एप्रन. खाली लाल भरतकाम, चौकोनात चौकोन. उजव्या कोपऱ्यात मात्र शेवटचे दोन चौकोन वीटकरी.

ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन सूपाखालचा गॅस बंद केला, परत आली आणि पुन्हा बघितलं. वीटकरीच. त्या शेवटच्या वर्षी तिचा लाल दोरा संपला होता, दुकान बंद होतं आणि सकाळी बस होती. कोणाला दिसणारे, असं म्हणत तिने वीटकरी दोरा ओढला होता. आईच्या क्रुसाला बांधताना तिला त्याची लाजही वाटली होती.

मग तिला ती दोन पोरं आठवली. त्याच प्रोवोदीला कॅमेरे घेऊन आली होती, एक मुलगा आणि एक मुलगी. प्रत्येक क्रुसाभोवती फिरून फिरून फोटो काढत होती. तिमिश त्यांच्या अंगावर धावला होता, "जत्रा आहे का ही? चालते व्हा!" पोरं ओशाळून झाडांकडे सरकली होती. उल्यानाने मात्र भावाची नजर चुकवून त्यांना पास्काचा तुकडा आणि दोन लाल अंडी नेऊन दिली होती. कशासाठी फोटो काढता, हे विचारायचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं; ते आत्ता, खेळात तोच एप्रन बघून कळलं.

तिने पडद्यावर बोट ठेवलं. काच कोमट होती. "आई," ती म्हणाली, आणि हुंदका आला तो तिने थोपवला नाही. ही खरी कबर नाही, खरी कबर उभी आहे की राख झाली आहे हे या खेळालाही ठाऊक नाही, हे सगळं तिला कळत होतं. तरी ती पोटभर रडली.

प्रोवोदीच्या आदल्या दिवशी ती बाकू मोहल्ल्यात गेली. दार साखळीएवढंच उघडलं. तिमिश वाळला होता, गालांची हाडं वर आली होती.

"उद्या प्रोवोदी," ती म्हणाली. "आई सापडली आहे."

"पास दिला तुला?"

"पास नको. माझ्या घरी ये. दोन वाजता वीज जाते, त्याच्या आत ये."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"नसलं तर ते बघायला ये," असं म्हणून ती जिन्याने खाली उतरलीसुद्धा. मागे दार बंद झाल्याचा आवाज यायला मात्र बराच वेळ लागला.

रविवारी तिने संगणकाचं टेबल पुसलं, त्यावर धुतलेलं कापड अंथरलं, पास्का, अंडी, सालो, कांद्याची पात आणि तीन छोटे ग्लास मांडले. गडी सकाळपासून क्रुसासमोर उभा होता. बारा वाजले, एक वाजला. दीड वाजला तेव्हा तिने एक ग्लास उचलून परत कपाटात ठेवला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

तिमिश आत आला तो टोपी घालूनच. खुर्ची दाखवली तर म्हणाला, "बसायला आलेलो नाही." मग पडदा बघितला आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. "यासाठी मला बोलावलंस? पोरांचा खेळ! थट्टा मांडली आहेस आईची?"

"एप्रन बघ."

"कुणाचाही एप्रन असेल."

"कोपरा बघ म्हणते मी. माझा दोरा मला ओळखू येत नाही?"

"क्रुसावरची पाटी कोरी आहे. नाव कुठे आहे आईचं?"

"पुसलं असेल त्यांनी. शहाणी पोरं होती. लोकांच्या आईचं नाव खेळात कसं ठेवायचं?"

"म्हणजे ही आई नाही." तो दाराकडे वळला. "नाव नाही ती कबर नाही. चित्र आहे हे, उल्याना. म्हातारपणी चित्रांशी बोलायला लागलीस."

उल्यानाला राग आला, आणि रागात तिचा माउसवरचा हात जोरात फिरला. पडद्यावरचं जग गर्रकन वळलं. क्रूस बाजूला गेला, पाइन आले, जमीन आली, आणि क्षणभर एक बाक दिसून गेला.

"थांब," दारातून वळून बघत तिमिश म्हणाला. "मागे घे. तसं नाही, डावीकडे. खाली बघ. अजून खाली."

उल्यानाने गड्याला खाली वाकवलं. बाकाचा एक पाय तोकडा होता, आणि त्याच्याखाली निळ्या फरशीचा तुकडा सरकवलेला होता. पांढरं फूल असलेला, आईच्या भट्टीवरून निखळलेला तुकडा. बाक डगमगत होता म्हणून तिमिशने तो तिथे घातला होता. पुढच्या खेपेला पाय नीट करीन असं मनाशी म्हणाला होता, आणि मग परत जाणं झालंच नाही.

तिमिश पडद्यापाशी आला. मग त्याने टोपी काढली, जशी कबरीपाशी काढतात तशी, आणि दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

उल्यानाने गड्याला क्रुसासमोर नेलं. कपाटातला तिसरा ग्लास परत आणला. भिंतीवरच्या घड्याळात दोनाला थोडाच अवकाश होता. तिने पदर सावरावा तसा आपला एप्रन नीट केला, उभी राहिली आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "ख्रिस्त उठला!"

उत्तर आलं नाही. वाऱ्याचा आवाज येत होता आणि कापड हलत होतं.

"ख्रिस्त उठला!" तिचा आवाज चिरकला. तिमिश हातातली टोपी फिरवत राहिला.

"ख्रिस्त..." आणि वीज गेली. पडदा काळा झाला, पंख्याची घरघर मंदावत थांबली, स्वयंपाकघरातल्या फ्रिजने शेवटचा हिसका दिला. टेकाड, पाइन, बाक, काही उरलं नाही. टेबलावर एक काळी काच आणि तिच्यापुढे पास्का. ती खुर्चीवर बसली. "उठला," ती कशीबशी म्हणाली, कारण सुरू केलेली हाक अर्धी सोडायची नसते.

तो आता टोपी घालेल आणि जाईल, असं तिला वाटलं. चित्रसुद्धा गेलं, आता कशासाठी थांबेल?

तिमिश काळ्या काचेकडे बघत होता.

"खरोखर उठला," तो म्हणाला. मग मोठ्याने, कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीला सांगावं तसं, "खरोखर उठला!" आणि तिसऱ्यांदा इतका जोरात, की शेजारच्या घरातून राइसाने भिंतीवर थाप मारली.

मग तिमिशने दाराजवळच्या खुंटीला टोपी अडकवली. खुर्ची ओढली. अंडं घेतलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि सोलायला लागला. टरफलं कापडावर सांडत होती.

"वीज कधी येते?"

"सहाला."

"मग थांबतो. बाकाचा तो पाय परत बघायचा आहे." त्याने अंड्याला मीठ लावलं, अर्धं तोडून तिच्यापुढे ठेवलं. थोड्या वेळाने, तोंडात घास असतानाच, म्हणाला, "लाल दोरा संपला होता होय?"

उल्यानाने मान वर केली. "तुला दिसलं होतं?"

"त्याच दिवशी. तू बांधत होतीस तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलत नव्हतो ना आपण," तिमिश म्हणाला, आणि दोघांच्या ग्लासांत होरिल्का ओतून आईचा तिसरा ग्लास भरून काळ्या पडद्यापुढे सरकवला.